बारा इंजिनं आणि हमीदभाऊ

अक्षर वाईट आहे. ऱ्हस्व-दीर्घ मला चौथीतही जमत नव्हतं आणि त्यानंतर शाळाच सुटली. ही वही मुलीची जुनी आहे, मागची पानं कोरी होती म्हणून घेतली. कुणाच्या हातात पडलीच तर चुकांबद्दल राग मानू नये, अडेल तिथं अंदाजानं वाचावं. चारचौघांत मला बोलता येत नाही. एकदा बोलायला हवं होतं तेव्हाही बोलले नाही. त्यातलंच हे लिहिते आहे.

हमीदभाऊ मुलाणी माझ्या माहेरचे, सुदुंबऱ्याचे. त्यांच्या लग्नानंतर ते लोणावळ्यात राहायला गेले, तरी मी त्यांच्या गावची लेक, म्हणून मला नावानंच हाक मारायचे. आमच्याकडच्या एका मोठ्या परदेशी मोटार कंपनीत ते इंजिनं जोडायचे. आमच्या मालकांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, दत्ताला, तिथं त्यांनीच लावलं. आणि त्यांच्याच शब्दावर मालकांनी एका कागदावर सही केली नाही. त्यात आमचे नव्वद हजार रुपये गेले. ते पुढे येईलच. पण नुसतं तेवढंच सांगितलं तर माणूस वाईट वाटेल, आणि तसा तो नव्हता.

उंच, वाळलेले, गालफडं बसलेली. चहा हातात घेण्याआधी काडेपेटीतल्या काडीनं दहाही नखं साफ करायचे. तोवर चहा निवायचा. गार चहाच त्यांना आवडायचा की नखांमुळे तो गार व्हायचा, ते मला कधी कळलं नाही. कुठल्याही गाडीला हात लावायच्या आधी मनगटावरचं घड्याळ काढायचे आणि मी जवळ असले तर "धर" म्हणून माझ्याकडे द्यायचे. पट्ट्याचं बक्कल रंगाला लागू नये म्हणून. एवढी इंजिनं जोडली, पण त्यांना गाडी चालवता येत नव्हती. लायसनच काढलं नव्हतं. कुणी हसलं तर म्हणायचे, "सुईण काय पोराच्या खांद्यावर बसून फिरती का?"

"बहुतेक" हा शब्द त्यांच्या तोंडात नव्हता. आहे किंवा नाही. मधलं काही नाही.

कार्ल्याच्या फाट्यावर जुन्या हायवेला आमची चहा-भज्यांची टपरी आहे. पहिली पाळी सुटली की कंपनीची बस फाट्यावर थांबायची. मालक उतरायचे, त्यांच्याबरोबर आणखी चार-पाच जण उतरायचे. हमीदभाऊंना पुढे लोणावळ्याला जायचं असे, तरी तेही उतरत आणि चहा घेऊन मग सहा आसनी रिक्षानं जात. रविवारी मात्र ते मुद्दाम यायचे, गाडीवाल्यांसाठी.

गाडीवाले म्हणजे पुण्या-चिंचवडची हौशी माणसं. सगळ्यांकडे त्याच कंपनीच्या गाड्या. त्यांचा फोनवर ग्रुप होता आणि रविवारी सकाळी आठ-नऊ गाड्या ओळीनं घाट बघायला निघत. आमच्याकडे थांबून भजी खात आणि बॉनेट उघडून उभे राहत. नवऱ्यामुलाकडच्यांनी मुलगी बघावी तसे आत वाकून बघत. त्यांत एक दातांचे डॉक्टर होते आणि एक नीलेश म्हणून तिशीतला मुलगा होता, कॉम्प्युटरच्या कंपनीतला. हे दोघं सगळ्यात जास्त बोलायचे.

"डिझेल बंद करणार म्हणे."

"नियम बदलले ना धुराचे. परवडत नाही त्यांना आता."

"पण ह्या डिझेलमधला दम दुसऱ्या कुणाकडे नाही, डॉक्टर. मी घाट तिसऱ्या गिअरवर चढतो."

"तू चढतोस, पर गाडी काय म्हनती ते इचारलंस का तिला?" हमीदभाऊ कोपऱ्यातल्या बाकावरून म्हणायचे, आणि सगळे त्यांच्याकडे वळायचे.

मग घड्याळ माझ्या हातात यायचं. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक चालू इंजिनवर टेकवून त्याची मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटायचे. तेवढा वेळ भजी तळायचा आवाजही मला मोठा वाटायचा. एकदा डॉक्टरांच्या गाडीला असाच कान लावला आणि म्हणाले, "तिसऱ्या सिलेंडरचा इंजेक्टर जायला आलाय. घाटात नगा जाऊ."

डॉक्टर म्हणाले, "परवाच सर्व्हिसिंग झालंय हो."

"मंग त्यांनला पैसं दिलं ते मला द्यायचं व्हतं. म्या खरं सांगितलं असतं."

डॉक्टर हसत हसत गेले. दुपारी त्यांची गाडी दुसऱ्या गाडीला बांधून आमच्या टपरीपुढून परत गेली. भाऊ तेव्हा बाकावरच होते. त्यांनी नुसता चहा मागितला. त्या दिवसापासून गाडीवाले त्यांच्या शब्दापलीकडे जात नव्हते. भाऊंना ते आवडायचं. आवडायचं हे दिसू नये म्हणून ते जास्तच खेकसायचे. नवीन रंग, नवीन दिवे असं काही निघालं की म्हणायचे, "तुमी गाडीचं कापडं बगनारी मान्सं." पुढे बॅटरीच्या गाड्यांचं बोलणं सुरू झालं तेव्हा तर त्यांना रागच आला. "आवाजच न्हाई तिला. आजारी पडली तर वैद्यानं ऐकायचं काय?"

कारखान्यातही असेच. मालकांनी सांगितलेलं एक सांगते. एकदा एका पाळीत गास्केटचा, म्हणजे इंजिनाच्या सांध्यात बसवायच्या पातळ पत्र्यांचा, नवा माल आला. भाऊंनी दोन लावून बघितले, तिसरा हातात धरला आणि लाईन थांबवायचं बटन दाबलं. म्हणाले, जाडी बरोबर नाही. साहेब आले, मोजलं, म्हणाले बरोबर आहे. भाऊ म्हणाले, तुमचं मोजमाप बरोबर असेल, माझ्या बोटाला बरोबर नाही. पावणेदोन तास लाईन बंद. त्या पाळीतल्या सगळ्यांचा जादा उत्पादनाचा भत्ता गेला. भाऊंना चार दिवस घरी बसवलं. गेटच्या आत कुणी महिनाभर त्यांच्याशी धड बोललं नाही, आमचे मालकही नाही. तो माल शेवटी परत गेला. वाईट होता म्हणून गेला की भांडण नको म्हणून, ते कुणालाच कळलं नाही. पण परत गेला, आणि त्यानंतर हमीदभाऊ चुकत नाहीत असं माणसं धरून चालायला लागली. युनियनच्या पुढाऱ्यापेक्षा त्यांचा शब्द जास्त मानायची. मला वाटतं त्यांचंही तिथंच बिघडलं.

त्याच सुमाराला गाड्या खपेनात. तीनऐवजी दोन पाळ्या झाल्या. कंत्राटी पोरं आधी कमी केली. कंपनी इथलं दुकान बंद करणार, नुसती बाहेर पाठवायला गाड्या करणार, अशा एकेक बातम्या बसमधून उतरायच्या. मालक घरी आले की जेवताना बोलत नसत. मुलगी दहावीला होती आणि तिला नर्सिंगला जायचं होतं.

अशात एका रविवारी हमीदभाऊ आले ते वेगळेच. नखं न कोरताच चहा घेतला. नीलेशनं नेहमीप्रमाणे विचारलं, "काय भाऊ, नवीन काही येतंय की आम्ही दुसऱ्या कंपनीची गाडी बघायची?"

भाऊंनी इकडेतिकडे बघितलं. मी भांडी घासत होते, पण माझं असणं कुणी मोजत नाही.

"येतंय," ते म्हणाले. "बारा नग आल्यात. लाकडी पेटीतनं, भाईरच्या देशातनं. तीन सिलेंडरचं पेट्रोल. टेस्टिंगला लावाय मलाच बोलावलं व्हतं."

"तीन सिलेंडर? थरथरत असेल की."

"थरथरत न्हाई. बारीक हाय, ब्लॉक म्हंजे दुधाच्या किटलीयेवढा. पर दम बैलाचा. हे इंजिन हितं लागलं म्हंजे कारखाना धा वर्सं हालत न्हाई. लिवून घे."

नीलेशनं खरंच लिहून घेतलं, फोनवर, बाकाखाली हात धरून. मी ते बघितलं. त्यात काही वाईट आहे असं तेव्हा वाटलं नाही.

तीन आठवड्यांनी कंपनीनं नोटीस लावली. ज्याला सोडून जायचं असेल त्यानं फॉर्म भरावा, हिशोबाचे पैसे आणि वर अमुक इतक्या महिन्यांचा पगार मिळेल. मुदत बुधवारी संध्याकाळी पाचपर्यंत. नंतर काय मिळेल हे लिहिलेलं नव्हतं. मालकांनी रात्रंदिवस विचार केला. मंगळवारी सकाळी निघताना म्हणाले, "उषे, मी सही करतो. मला न्हाई जमत वाट बगायला. मिळतंय त्यात पोरीचं शिक्षान व्हईल." मी बरं म्हणाले. खरं तर मला हलकं वाटलं होतं.

त्या दिवशी दुपारी बस थांबली आणि नेहमीपेक्षा जास्त माणसं उतरली. सगळ्यांच्या हातात फॉर्म. कुणी बसेना. हमीदभाऊ बाकाला टेकून उभे होते.

"भरलास?" त्यांनी मालकांना विचारलं.

"भरला. सही तेवढी राहिलीय. उद्या देतो."

"कशाला?"

"भाऊ, तुमचा पोरगा कमावता हाय. माजी पोरगी अजून शिकतीय."

"कारखाना बंद व्हनार न्हाई म्हनून सांगतोय ना मी."

"तुमी सांगताय. पर तुमाला तरी कोन सांगतंय?"

असं त्यांना कुणी विचारलं नव्हतं. त्यांचा चेहरा उतरला. खरंच उतरला, मी समोरच होते. तेवढ्यात कुणाच्या तरी फोनवर मेसेज आला, मग दुसऱ्याच्या, मग सगळ्यांच्याच. खात्रीलायक बातमी, असं वर लिहिलेलं. कंपनी नवं इंजिन आणते आहे, बारा नग चाचणीसाठी कारखान्यात दाखल झाले आहेत. एकानं मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. भाऊंनी त्याचा फोन घेतला आणि स्वतः वाचलं. वाचता वाचता ताठ झाले.

"आता बगा. ही गाड्यांच्या जानकारांची बातमी हाय, भाईरची. म्या बोललो ते भाईरनं आलं. आता तर पटंल?" मग हसले. "त्यालाबी किटलीच दिसली बगा. दुधाच्या किटलीयेवढा ब्लॉक म्हनतोय."

माणसं हसली. किती दिवसांनी हसली. मालकांनी आपला फोन माझ्यापुढे धरला, "वाच, वाच," म्हणाले. मला वाचायला वेळ लागतो, एकेक शब्द लावत जावं लागतं. म्हणून कदाचित मला दिसलं. किटली होती, बैलाचा दम होता, दहा वर्षं हलत नाही हेही होतं. ते बाहेरचं कुणी लिहिलेलं नव्हतं. ते हमीदभाऊंचं बोलणं होतं, बाकाखालून नीलेशच्या फोनवर गेलेलं, आणि कुठून कुठून फिरून त्यांच्याच हातात परत आलेलं. आणि भाऊ त्याला साक्षीदार समजत होते.

मी तोंड उघडलं होतं. पंधरा-सोळा पुरुष उभे होते, माझ्या माहेरचा वडील माणूस मधे उभा होता, आणि सगळे खूश होते. मी म्हणाले, "चहा ठेवू का?"

भाऊंनी मालकांच्या हातातला फॉर्म काढून घेतला. घडी घातली, आणखी एक घडी घातली आणि आपल्या खिशात ठेवला. "उद्या ह्यो द्यायचा न्हाई. मी सांगतो म्हंजे सांगतो." मालक हसले आणि बाकावर बसले. त्या रात्री ते पोटभर जेवले. मला तेव्हाही सांगता आलं असतं. मुलगी झोपल्यावर जागे आम्ही दोघंच होतो. पण त्यांचं ते जेवणं बघून मी उद्या सांगू म्हणाले, आणि उद्या पाच वाजून गेले.

पुढचं लवकर सांगते. ती बारा इंजिनं इथं लावायला आलेली नव्हती, नुसती तपासायला आली होती. पुन्हा पेट्यांत घालून दुसऱ्या देशाला पाठवली. ट्रकवर चढवताना मालक तिथंच होते. त्यानंतर काही महिन्यांनी गेटला कुलूप लागलं. माणसं उन्हात आणि पावसात गेटबाहेर मांडव घालून बसली. हमीदभाऊ रोज जायचे, पण कडेला बसायचे. कुणी त्यांना काही विचारत नसे. शेवटी जी रक्कम हातात पडली ती पहिल्या नोटिशीपेक्षा नव्वद हजारांनी कमी होती. भाऊंनाही तेवढीच कमी मिळाली, कारण त्यांनी स्वतःही सही केली नव्हती. बाकीचे जे थांबले ते आपल्या मनानं थांबले म्हणता येईल. आमचा कागद मात्र त्यांच्या खिशात गेला होता.

मालक लोणावळ्यात एका हॉटेलात वॉचमनला लागले. भाऊंना तिथंच बाजारामागच्या गॅरेजात काम मिळालं.

गाडीवाले मधे बरेच दिवस आले नाहीत. मग एका रविवारी नीलेश एकटाच आला. भाऊही आले होते. बराच वेळ स्पेअर पार्ट मिळत नाहीत वगैरे बोलणं चाललं. मग नीलेश आपणहून म्हणाला, "वाईट वाटतं भाऊ. तुम्ही त्या इंजिनाचं सांगितलंत तेव्हा मी किती खूश होऊन ग्रुपवर टाकलं होतं. सगळीकडे फिरलं ते."

भाऊ नखं कोरत होते. काडी थांबली.

"काय टाकलं व्हतंस?"

"तुम्ही बोललात तेच. तुमचं नाव नाही घातलं, नोकरीला त्रास नको म्हणून. खात्रीलायक एवढंच लिहिलं."

"किटली?"

"किटली पण. मला ते फार आवडलं होतं."

मी पाठ करून स्टोव्हपाशी उभी होते आणि वळले नाही. भाऊंनी काडी पेटीत परत ठेवली. मग म्हणाले, "गाडी घिऊन ये गॅरेजला. बेल्ट वाजतोय तुजा." त्याला एक वाईट शब्द बोलले नाहीत. पण पुढे मजुरी मात्र नीलेशकडून ते दुप्पट घेत, आणि तो निमूट देत असे.

पुढच्या महिन्यात ते टपरीवर आले आणि अडीच हजार रुपये बशीखाली ठेवले. मी विचारलं, हे काय. म्हणाले, "दत्ताचं. नव्वद फिटंपत्तूर." मालकांना कळलं तेव्हा ते तडक गॅरेजात गेले. तिथलं भांडण मी ऐकलं नाही, पण येताना मालक रागानं लाल होते. "मी काय त्यांनला कर्ज दिलंय व्हय? फॉर्म माजा व्हता. मलाबी हात व्हतं." पैसे नकोत म्हणाले. पण मुलीची नर्सिंगची फी भरायची होती. चार दिवसांनी मालक मला म्हणाले, "घे तू. मला दावू नगंस."

मग तीन वर्षं ते चाललं. दर महिन्याला दहा तारखेच्या आसपास ते येत, पैसे ठेवत, "मोज" म्हणत. मी मोजायची. दोनदा चुकलं, एकदा त्यांची बायको दवाखान्यात होती तेव्हा आणि एकदा गॅरेजमालकानं थकवलं तेव्हा. दोन्ही वेळा पुढच्या महिन्यात दोन्ही हप्ते आले. चूक झाली असं ते एकदाही बोलले नाहीत. तो शब्द त्यांना येत नसावा. आणि मी दर महिन्याला मोजताना ठरवायची की आज सांगायचं, मला तेव्हाच कळलं होतं म्हणून, आणि सांगायची नाही. फी भरायची असायची.

शेवटच्या हप्त्याला ते भर दुपारी आले. टपरीवर दुसरं कुणी नव्हतं. त्यांनी पैसे ठेवले. मी हात लावला नाही.

"भाऊ, त्या दिवशी मेसेज आला तवाच मला कळलं व्हतं," मी म्हणाले. त्यांच्याशी बोलताना माझी भाषा सुदुंबऱ्याची होते. "ते तुमचंच बोलनं व्हतं. म्या बोलले न्हाई."

ते बाकावर टेकले.

"मुदत सरायच्या आदी?"

"व्हय."

"दत्ताला म्हाईत हाय?"

"न्हाई."

"मंग छत्तीस म्हयनं पैसं कसं घेतलंस?"

रस्त्यावरून एक पर्यटकांची बस गेली, मग दोन गाड्या. भाऊंनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"तू बोलली असतीस तर मी तुज्यावर खेकसलो असतो," ते म्हणाले. "ऐकलं नसतं. पर दत्तानं ऐकलं असतं." मग म्हणाले, "मला सांगून काय उपेग, उषे. त्याला सांग. आन आता मोज."

मी मोजले. पाचशेच्या पाच नोटा होत्या.

"बराबर?"

"बराबर."

ते उठले. चहा विचारला तर नको म्हणाले. रस्ता ओलांडून पलीकडे गेले आणि लोणावळ्याकडे जाणाऱ्या सहा आसनीला हात केला. मागे जागा होती, तरी पुढे ड्रायव्हरच्या शेजारी अर्धे बाहेर लटकत बसले. त्यानंतर ते आमच्याकडे आलेले नाहीत. गॅरेजात असतात म्हणतात.

संध्याकाळी मालक ड्युटीवरून आले. हातपाय धुऊन बसले. मी त्या पाच नोटा त्यांच्यापुढे ठेवल्या आणि म्हणाले, "भाऊंचे पैसे फिटले."

"सगळे?" त्यांनी विचारलं.

"सगळे," मी म्हणाले.